दख्खनची चित्रे आणि विलायतेची शाळा



मुलगा डॉक्टर व्हायला परदेशी निघाला तर आपण हार घालतो, इंजिनिअर व्हायला निघाला तर जमीन गहाण ठेवतो. पण त्याने किंवा तिने ‘मी कलेचा इतिहास शिकायला जाणार’ असे म्हटले तर? घरात क्षणभर शांतता पसरेल, आणि मग कुणीतरी वडीलधारे विचारतील, ‘बाबा रे, त्याने पोट कसे भरणार?’ प्रश्न रास्त आहे. गरिबाच्या घरात तो आधी विचारला जावा, यात काही गैर नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मात्र आपल्या कोयनेकडे एकदा पाहावे, अशी विनंती आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. घरे पडली, माणसे दगावली, आणि या खोऱ्याचे नाव जगभरच्या भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत गेले. तेव्हापासून देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपल्या पायाखालचा खडक अभ्यासत आहेत. जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा विषय निघाला की कोयनेचे उदाहरण दिल्यावाचून कुणाला पुढे जाता येत नाही. दगड आपला, त्यावरची विद्या मात्र बरीचशी बाहेर शिकवली जाणारी. नेमकी हीच गोष्ट जमिनीच्या पोटातल्या नव्हे, तर जमिनीवरच्या दगडाबाबतही घडली आहे, आणि तिची दखल आपल्या समाजाने फारशी घेतलेली नाही.

कोयना वाहत वाहत कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या संगमाच्या गावात मनोऱ्यांची मशीद आहे. शंभर फुटांहून उंच असे तिचे दोन मनोरे आपण एस. टी. च्या खिडकीतून कितीदा पाहिले असतील! मशिदीवर अरबी लेख आहेत आणि त्यांवरून तिचे काम विजापूरचा पहिला अली आदिलशहा याच्या काळातले मानले जाते. या अलीने १५५८ ते १५८० पर्यंत राज्य केले. त्याच्याच कारकीर्दीत, १५७०-७१ मध्ये, विजापुरास ‘नुजूम-उल-उलूम’ नावाचा एक सचित्र ग्रंथ तयार झाला. ग्रह, तारे, राशी, हत्ती-घोडे, शस्त्रे, मंत्रतंत्र असे नाना विषय त्यात आहेत. त्यातल्या चित्रांत इराणी रेषा आहे, आणि आपल्या मुलखातल्या देवतांची रूपेही आहेत. दख्खनी चित्रकलेची कुळकथा सांगायची तर या ग्रंथापाशी थांबावेच लागते. तो आज आहे कोठे? विजापुरात नाही, पुण्या-मुंबईतही नाही. तो आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. म्हणजे मशीद कऱ्हाडला आणि तिच्या काळाचे चित्र डब्लिनला. दोन्ही एकाच नजरेखाली आणायची तर कुणाला तरी समुद्र ओलांडावाच लागणार.

याहून जवळची, आपल्या जिल्ह्याशी थेट बांधलेली आणखी एक हकीकत सांगतो. विजापूर आज कर्नाटकात असले तरी १८१८ नंतर तीस वर्षे तो मुलूख साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होता. तेथील आसार महालात आदिलशाही ग्रंथसंग्रहाचा उरलासुरला भाग पडून होता. पुष्कळ पुस्तके आधीच गहाळ झाली होती, राहिलेल्यांना वाळवी आणि ओल यांनी ग्रासले होते. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. बार्टल फ्रिअर हे तेव्हा साताऱ्याचे कमिशनर होते. त्यांच्या अमदानीत या संग्रहाची पाहणी झाली, आणि १८५३ च्या सुमारास चारशेहून अधिक अरबी-फारसी हस्तलिखिते लंडनला रवाना झाली. ती प्रथम इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात होती, आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ती येथेच राहिली असती तर वाळवीने खाल्ली असती, असे एक मत आहे. ती नेण्याऐवजी येथेच नीट ठेवता आली असती, असे दुसरे. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या मताकडे आहे. पण त्या वादाने पुस्तके परत येत नाहीत. ती वाचणारा आपल्यातून निर्माण झाला का, एवढेच आपल्या हाती होते, आणि त्याचे उत्तर फारसे अभिमानास्पद नाही.

इमारतींचे काय झाले, तेही ऐका. विजापूरच्या वास्तूंवर मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा मोठा ग्रंथ १८६६ मध्ये लंडनला निघाला. हा फर्ग्युसन मुळात बंगालमधला निळीचा व्यापारी. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. देशभर हिंडून, मापे घेऊन, चित्रे काढून त्याने १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या वास्तुकलेचा इतिहास लिहिला आणि पुढच्या दोन पिढ्यांना तोच आधार झाला. त्याची काही मते आज टिकत नाहीत. आपल्या शिल्पींना त्याने कुठे डोक्यावर घेतले, तर कुठे कमी लेखले. पण तो चालत गेला, मोजले आणि लिहून ठेवले, हे नाकारता येत नाही.

कलेचा इतिहास हा विद्यापीठातला रीतसर विषय प्रथम जर्मन भाषेच्या मुलखात झाला. बर्लिनला १८४४ मध्ये आणि व्हिएन्नाला १८५२ मध्ये त्याची प्राध्यापकपदे निघाली. इंग्लंड या बाबतीत फार मागे. लंडनची कोर्टोल्ड संस्था निघाली ती १९३२ साली. तेव्हा त्यापूर्वी आपल्याकडचा जो कोणी तरुण विलायतेस गेला, तो इतिहास शिकायला नव्हे, तर ब्रश धरायला गेला. त्यांतल्या एकाची गोष्ट पुण्यापासून सुरू होते.

सॅम्युएल रहमीन यांचा जन्म १८८० मध्ये पुण्यातल्या बेने इस्राएल कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते लंडनला रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाले. तेथे जॉन सिंगर सार्जंट या त्या काळच्या नामांकित व्यक्तिचित्रकाराचे मार्गदर्शन त्यांना लाभले. तैलरंग, छायाप्रकाश, समोर बसलेल्या माणसाचे हुबेहूब रूप, हे सारे त्यांनी हस्तगत केले. परत आल्यावर मात्र त्यांचा हात हळूहळू दुसरीकडे वळला. राजपूत आणि मोगल लघुचित्रे त्यांनी नव्याने पाहिली, सपाट रंग आणि नाजूक रेषा पत्करली, आणि सार्जंटची जाड तैलरंगी तऱ्हा बाजूला ठेवली. विलायतेच्या शाळेने त्यांना घरचे चित्र पाहायला शिकवले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण शाळेने ते मुद्दाम शिकवले नव्हते. दूर गेल्यावर जवळचे दिसू लागते, तसा हा प्रकार. पुढे नवी दिल्लीच्या सचिवालयाच्या घुमटांत त्यांनी भित्तिचित्रे रंगवली, आणि त्यांची दोन चित्रे लंडनच्या टेट संग्रहालयाने घेतली.

१९१२ च्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारून अतिया फैजी यांच्याशी विवाह केला आणि दोघांनी ‘फैजी-रहमीन’ हे जोडनाव लावले. बायकोचे नाव आपल्या नावाआधी लावणारा नवरा त्या काळी किती दुर्मीळ, हे मुलींच्या मातांना सांगायला नको!

अतियाबेगमची हकीकत तर आपल्या मुलींनी अवश्य वाचावी. त्या मुंबईच्या तय्यबजी घराण्याच्या नात्यातल्या. त्यांची बहीण नाझली ही मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम, म्हणजे आपल्या घाटाखालच्या कोकणाशीही त्यांचा घरोबा. १९०६ मध्ये अतिया लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनशास्त्र शिकायला गेल्या. अविवाहित मुसलमान तरुणीने शिक्षणासाठी सातासमुद्रापार जाणे ही त्या काळी केवढी गोष्ट! तेथून त्यांनी बहिणीला रोजनिशीवजा पत्रे लिहिली. लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात ती छापली गेली आणि पडद्याआडच्या शेकडो घरांत लंडनची शाळा पोहोचली. १९२१ मध्ये त्यांचे ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झाले, आणि २०१० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला.

येथे एक गोष्ट लपवता कामा नये. अतिया अभ्यासक्रम पुरा न करताच १९०७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने परतल्या. प्रमाणपत्राच्या हिशेबाने पाहिले तर हा दौरा फुकट गेला, असे कोणीही म्हणेल. पण १९१४ मध्ये हिंदुस्थानी संगीतावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्यातली चित्रे पतीने काढली. पदवी नसलेल्या विद्यार्थिनीने राग-रागिण्यांची ओळख परक्या वाचकाला करून दिली. आपल्या सांगली जिल्ह्यातले मिरज तंतुवाद्यांसाठी आणि उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वास्तव्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या परिसरातल्या वाचकाला या पुस्तकाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. फाळणीनंतर हे दांपत्य कराचीला गेले. तेथे अखेरची वर्षे हलाखीची गेली. रहमीन १९६४ मध्ये वारले, अतिया १९६७ मध्ये. पुण्यात आज त्यांचे नाव विचारले तर किती जण ओळखतील?

दुसरे नाव डॉ. मुहम्मद अब्दुल्ला चुगताई यांचे. ते लाहोरचे, प्रसिद्ध चित्रकार अब्दुर्रहमान चुगताई यांचे भाऊ. त्यांनी ब्रश न धरता लेखणी धरली. पॅरिसला जाऊन ताजमहालावर फ्रेंच भाषेत प्रबंध लिहिला आणि १९३८ मध्ये डी. लिट. मिळवली. ताजमहाल आग्ऱ्यात आणि त्याची परीक्षा पॅरिसात, याचे त्या वेळी कुणाला नवल वाटले नसेल. पुढे ते पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. तेथे १९३९ मध्ये संशोधन संस्था सुरू झाली होती आणि लंडनहून पीएच. डी. होऊन आलेले डॉ. हसमुख सांकळियाही तेथेच होते. चुगताईंनी अहमदाबादच्या मुसलमानी वास्तूंचा इतिहास त्यांवरच्या शिलालेखांच्या आधारे मांडला. १९४२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपण नमाजासाठी ज्या भिंतीसमोरून रोज जातो, तिच्यावरचा लेख कुणी, केव्हा, कशासाठी कोरला, हे वाचणे म्हणजेच हा विषय. चित्रे काढावीत की नाहीत, हा प्रश्न ज्यांच्या मनात येतो, त्यांनी चुगताईंचा हा मार्ग पाहावा. इतिहास वाचणाऱ्याला चित्र काढावेच लागते असे नाही. शिवाय सुंदर लिहिलेले अक्षर ही आपली कला नव्हे काय?

आता खर्चाचे आणि पोटाचे. संग्रहालये, पुरातत्त्व खाते, विद्यापीठे, ग्रंथालयांचे हस्तलिखित विभाग, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे, एवढीच दारे या विद्येला आहेत. ती मोजकी आहेत, आणि ती जास्त आहेत असे सांगून आम्ही कुणाला फसवणार नाही. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली, हेही खरे. पण जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या आहेत, अमेरिकेसाठी फुलब्राइट आहे. कोल्हापूरचे चित्रकार बाबुराव सडवेलकर फुलब्राइटवरच अमेरिकेला जाऊन आले, आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. अर्ज एक वर्ष आधी तयार करावा लागतो, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न असतो तो हा, की तुम्ही आजवर काय पाहिले?

म्हणून मित्रांनो, पाहण्याची सुरुवात तिकीट काढण्यापूर्वी करा. आपल्याच जिल्ह्यात औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधी या राजाने ते उभे केले. यमाईच्या डोंगरावर राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता आणि मूल ही कृतीही आहे. लंडनचा विद्यार्थी मूर पाहायला टेटमध्ये जातो, तुम्ही एस. टी. ने जाऊ शकता. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे अहमदनगरच्या निजामशाहीतले सचित्र फारसी काव्य आहे, १५६५ च्या सुमाराचे. त्यातल्या चित्रांत हुसेन निजामशहाशेजारी राणी खुंझा हुमायून बसलेली होती. पतीच्या मागे तिने मुलाच्या नावाने कारभार पाहिला, पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकले, आणि कधीतरी कुणीतरी बहुतेक चित्रांतली तिची आकृती रंगाने पुसून टाकली. कुणी पुसली आणि का, यावर अभ्यासक आजही विचार करतात. डॉ. म. श्री. माटे आणि डॉ. गो. त्र्यं. कुलकर्णी यांनी १९८७ मध्ये हे काव्य संपादून प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांना फारसी वाचता येणे भाग होते.

भाषांचा मुद्दा शेवटी सांगायचा ठेवला, कारण तोच सर्वांत अवघड. दख्खनच्या कलेवर काम करणाऱ्याला फारसी हवी, लेख वाचण्यापुरती अरबी हवी, दफ्तरांसाठी मोडी हवी, आणि जुने संशोधन वाचायला फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एक तरी हवी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०१५ मध्ये दख्खनच्या सुलतानांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे येणाऱ्या अनेक अभ्यासकांना फारसी येत असेल, मोडी मात्र क्वचितच. आपल्या घरातले जे मूल मदरशात किंवा घरी अरबी अक्षरे गिरवते, शाळेत मराठी शिकते, घरात दख्खनी बोलते, त्याची निम्मी तयारी दहाव्या वर्षीच झालेली असते. मोडीचे वर्ग पुण्यात आणि इतरत्रही सुट्टीत भरतात. कऱ्हाडच्या मशिदीवरचे लेख तर कोणत्याही शुक्रवारी पाहता येतात. वही आणि पेन्सिल बरोबर न्यावी, आणि आधी मुतवल्लींना विचारून घ्यावे.