३० डिसेंबर १८९९

एक्सेलच्या तारखांचे कच्चे आकडे ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेत उतरवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ हमखास सापडते आणि तिच्यात एक तारीख असते: १८९९-१२-३०. ती खोडून तिथे सरळ १ जानेवारी १९०० लिहून पाहा. १५ ऑगस्ट १९४७साठी एक्सेल पोटात १७३९४ हा आकडा ठेवतं. नव्या हिशेबाने आपल्याला स्वातंत्र्य १७ ऑगस्टला मिळतं.

हे दोन दिवस आले कुठून? एकाचा उलगडा सोपा आहे. एक्सेल १ जानेवारी १९००ला शून्य नाही, एक म्हणतं. दुसरा दिवस १९८३च्या लोटस १-२-३ कडून आलेला. त्या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. शतकाच्या वर्षाला ४००ने भाग गेला तरच ते लीप, म्हणजे १९०० नव्हतंच. पण ‘चारने भाग जातो का’ एवढंच तपासलं की काम सोपं होतं आणि २१०० उजाडेपर्यंत चूक एकाच दिवसाची राहते. याला चूक म्हणण्यापेक्षा हिशेबी आळस म्हणणं मला जास्त पटतं.

मायक्रोसॉफ्टला लोटसची गिऱ्हाइकं हवी होती. त्यांच्या जुन्या शीट उघडल्यावर तारखा सरकल्या असत्या तर एक्सेलकडे कोण फिरकलं असतं? म्हणून कधीच न उगवलेला तो दिवस एक्सेलनेही ठेवून घेतला. आजही सेलमध्ये ६० लिहून तारखेचा फॉरमॅट द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. मॅकवरच्या एक्सेलने १९०४पासून मोजायला घेऊन ही भानगड टाळली आणि दुसरी उभी केली: दोन मोजण्यांत १४६२ दिवसांचा फरक.

१९९३मध्ये एक्सेल ५ बरोबर मॅक्रो लिहिण्यासाठीचं व्हीबीए आलं. त्याच्या कॅलेंडरात तो खोटा दिवस नव्हता, पण आकडे तर एक्सेलशी जुळायला हवेत. त्यावर तोड म्हणजे शून्याचा दिवस ३१ ऐवजी ३० डिसेंबर १८९९. १ मार्च १९००पासून दोघांचं जमतं. आधीचे दोन महिने एका दिवसाने चुकतात. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या नोंदी घेऊन बसलेल्याची पंचाईत याहून मोठी, कारण १८९७ची तारीख एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही.

संख्याशास्त्राच्या पॅकेजांनी आपापल्या चुली वेगळ्या मांडल्या. सॅस आणि स्टाटा १ जानेवारी १९६०पासून दिवस मोजतात, आर १९७०पासून. म्हणून एक्सेलचा आकडा सॅसमध्ये नेताना २१९१६ वजा करायचे, आरसाठी २५५६९. एसपीएसएसची तऱ्हाच न्यारी: १४ ऑक्टोबर १५८२च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद. गंमत म्हणजे रोममध्ये त्या वर्षी ४ नंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला, त्यामुळे हाही न उगवलेलाच दिवस!

२००६च्या एक्मा मानकात एक्सएलएसएक्स फाइलचे नियम ठरले, तेव्हा १९००ला लीप धरण्याची सक्ती त्यात रीतसर लिहिली गेली. मोजणी १९०४ची असेल तर तशी खूण फाइलच्या आतच असते. ‘रीडएक्सएल’सारखी पॅकेजं ती वाचून तारखा बिनचूक देतात. पण तारखांच्या कॉलममध्ये कुणी ‘माहीत नाही’ असं टाइप केलं, की अख्खा कॉलम मजकूर ठरतो आणि १ जानेवारी २०२४च्या जागी ४५२९२ येतं. असे पाच आकडी आकडे दिसले की शीट जुन्या मॅकवर बनवली होती का, हे मी आधी विचारून घेतो. असेल, तर १४६२ मिळवायचे आणि मग पुढचं.