लिंग-सहलग्न आनुवंशिकता

ज्या गुणधर्माचे जनुक लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रावर असते, तो गुणधर्म पुढील पिढीत ज्या विशिष्ट रीतीने उतरतो तिला लिंग-सहलग्न आनुवंशिकता असे म्हणतात. हीमोफिलिया, लाल-हिरवे रंगांधत्व आणि ड्युशेन स्नायुक्षय ही मानवातील परिचित उदाहरणे होत. हे विकार मुख्यतः पुरुषांत प्रकट होतात, पण त्यांचे जनुक मुलाकडे मातेकडून आलेले असते.

गुणसूत्रे आणि लिंगनिश्चिती

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्या असून त्यांना अलिंगी गुणसूत्रे म्हणतात. तेविसाव्या जोडीत स्त्रीकडे दोन एक्स, तर पुरुषाकडे एक एक्स व एक वाय गुणसूत्र असते. मातेच्या प्रत्येक अंड्यात एक्सच असते; पित्याच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स व निम्म्यांत वाय असते. अपत्य मुलगा की मुलगी, हे त्यामुळे पित्याच्या शुक्राणूवरून ठरते. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातील एका किड्याच्या नराच्या पेशींत १९ मोठी व एक लहान, तर मादीच्या पेशींत २० मोठी गुणसूत्रे असल्याचे दाखवून या आकलनाचा पाया घातला. शतक उलटले, दहावीच्या पुस्तकात आकृती आली, तरी मुलगी झाल्याचा बोल सुनेलाच लावण्याची रीत पुरती गेलेली नाही.

वाय गुणसूत्र आकाराने लहान असून एक्सवरील बहुतेक जनुकांना त्यावर जोडीदार नसतो. म्हणून एक्सवरील सदोष जनुक पुरुषात झाकले जात नाही. स्त्रीमध्ये मात्र दुसऱ्या एक्सवरील निर्दोष जनुक बहुधा काम निभावून नेते. अशा स्त्रीस वाहक म्हणतात. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये फळमाशीच्या पांढऱ्या डोळ्यांच्या अभ्यासात हाच प्रकार आढळला आणि विशिष्ट जनुक विशिष्ट गुणसूत्रावर असते याला पुरावा मिळाला.

कुटुंबातील वाटचाल

वाहक मातेच्या प्रत्येक मुलाला विकार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. बाधित पित्याच्या सर्व मुली वाहक होतात. मुलग्यांना त्याच्याकडून वाय मिळत असल्याने हा दोष त्यांच्याकडे जात नाही. मराठीतील नात्यांच्या नावांनी ही वाटचाल नेमकी सांगता येते. हीमोफिलिया झालेल्या मुलाचा मामा किंवा मावसभाऊ बाधित असू शकतो. चुलतभाऊ वा आतेभाऊ यांना त्याच वंशरेषेतून धोका नसतो. मात्र सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात असा पूर्वेतिहास मुळीच आढळत नाही, कारण दोष नव्या उत्परिवर्तनाने उद्भवलेला असतो.

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा आहे. इरावती कर्वे यांनी तिची नोंद केलेली आहे. मामा बाधित असेल तर त्याची मुलगी निश्चितपणे वाहक असते. भाचा निरोगी असल्यास या विवाहातून होणाऱ्या प्रत्येक मुलाला विकाराचा धोका निम्मा असतो. पण भाचाही बाधित असेल तर मुलींनाही तो तितकाच असतो. ‘हा रोग पुरुषांचाच’ ही समजूत येथे घातक ठरते.

निव्वळ वाहक असलेली स्त्रीही नेहमीच सुरक्षित नसते. प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निष्क्रिय होतो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्याचेही कारण हेच. निर्दोष एक्स अधिक पेशींत निष्क्रिय झाल्यास वाहक स्त्रीच्या रक्तातील गोठणघटक कमी पडून बाळंतपणात वा शस्त्रक्रियेत अतिरक्तस्राव होऊ शकतो.

गर्भलिंगचाचणीवर निर्बंध आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये. केंद्रीय कायद्यात गर्भाच्या निदानासाठी मान्य असलेल्या मोजक्या कारणांत लिंग-सहलग्न आनुवंशिक रोगांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा निदानातही गर्भाचे लिंग सांगण्यास मनाई आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हीमोफिलियाचा समावेश झालेला आहे.

अन्य प्राणी

एक्स-वाय पद्धत सर्व प्राण्यांत नसते. निरनिराळ्या पद्धतींचे प्राणी एकाच आवारात पाहण्यास पुण्यातील कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सोयीचे आहे. येथील सर्पोद्यान १९८६ मध्ये सुरू झाले आणि पेशवे उद्यानातील प्राणी नंतर येथे हलविण्यात आले.

भेकर या हरणाच्या मादीत अवघी सहा व नरात सात गुणसूत्रे असतात. सस्तन प्राण्यांतील ही सर्वांत कमी संख्या होय. एक्स गुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला जोडले गेल्यामुळे नरात एक अधिक उरते. पांढऱ्या वाघाचा रंग मात्र लिंग-सहलग्न नाही. ते अलिंगी गुणसूत्रावरील अप्रभावी जनुक आहे. मोरात आणि सर्वच पक्ष्यांत गणित उलटे असते: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू. तेथे अपत्याचे लिंग आई ठरवते. कोंबड्यांत पिसे सावकाश येण्याचे जनुक झेडवर असल्याने, योग्य संकर केला तर एका दिवसाच्या पिलाच्या पंखांवरून नर-मादी ओळखता येते.

नाग व घोणस यांच्यातही झेड-डब्ल्यू पद्धत आहे. लालजी सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टेरी मण्याराच्या डीएनएतून वेगळा केलेला अंश पुढे भारतातील डीएनए ठसे-तपासणीत उपयोगी पडला. सर्वच सापांत हीच पद्धत असावी असे दीर्घकाळ मानले जाई. २०१७ मध्ये बर्मी अजगरात एक्स-वाय पद्धत असल्याचे दिसून आले. मगरीला लिंगगुणसूत्रेच नसतात. अंड्यांना साधारण ३१ अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता मिळाल्यास माद्या, तर ३२.५ अंशांच्या आसपास मुख्यतः नर निपजतात. त्यामुळे मगरीत लिंग-सहलग्न गुणधर्म संभवत नाहीत.