गहाण पडलेले पदक

सोने अडीअडचणीला कामी येते हे आजीने मला लहानपणीच शिकवले होते. पण गणितातल्या एका पंडिताची गाडीही सोन्यामुळेच पुढे सरकली, हे वाचून मला मोठी मौज वाटली.

हे गृहस्थ म्हणजे हेलसिंकीचे लार्स आल्फोर्स. १९३६ साली ओस्लो येथे फील्ड्स पदक प्रथमच दिले गेले, ते त्यांना आणि अमेरिकेच्या जेसी डग्लस यांना. गणिताला नोबेल नाही. तोलामोलाचा मान तो हाच. पुढे महायुद्ध पेटले. त्या धामधुमीत आल्फोर्स स्वीडनला निघाले, तेव्हा १० क्राउनांहून अधिक पैसे नेण्यास बंदी होती. आणि बायको तर पलीकडे वाट पाहत होती! त्यांनी पदक लपवून नेले, गहाण टाकले आणि आगगाडीचे भाडे भरले. पुढे त्यांनी ते सोडवून आणले, एवढे सांगून टाकतो. नाहीतर घरोघरच्या आजींना चुटपुट लागायची.

तसे युद्ध या पदकाच्या पाचवीलाच पुजलेले. कॅनडाचे प्राध्यापक जॉन चार्ल्स फील्ड्स यांनी १९२४ ची आंतरराष्ट्रीय गणित परिषद टोरंटोला भरवली, पण पहिल्या महायुद्धाचा राग धरून जर्मन गणितज्ञांना बोलावणेच गेले नाही. यजमान फील्ड्स यांना ते रुचले नसावे. कारण परिषदेच्या शिल्लक पैशांतून पदके काढताना त्यांनी बजावले, की त्यांना कोणत्याही देशाचे, संस्थेचे वा व्यक्तीचे नाव चिकटवू नये. १९३२ मध्ये ते वारले आणि लोकांनी नेमके त्यांचेच नाव चिकटवले!

२०२२ ची परिषद रशियात, सेंट पीटर्सबर्गला व्हायची होती. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ५ जुलैला पदके वाटली गेली ती हेलसिंकीत, आल्फोर्सच्या गावी. ह्यूगो द्यूमिनिल-कोपँ, जून हु आणि जेम्स मेनार्ड यांच्याबरोबर पदक मिळाले कीव्हमध्ये जन्मलेल्या मरीना व्याझोव्स्का यांना. हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्याच स्त्री. पहिल्या इराणच्या मरियम मिर्झाखानी, २०१४ च्या. डब्यात जास्तीत जास्त लाडू कसे बसवावे हे आपल्या गृहिणी हातानेच जाणतात. पण केप्लरने १६११ मध्ये मांडलेल्या त्या उत्तराची सिद्धता १९९८ मध्ये हाती आली, तीही आपल्या तीन मितींपुरती. व्याझोव्स्कांनी २०१६ मध्ये हाच प्रश्न आठ मितींत सोडवला. आठ मितींचा डबा मला काही दिसत नाही, पण बाईंना दिसला खरा.

आणि रशियन गणितज्ञांचे काय? या वेळी परिषद दूरसंपर्काने भरली. रशियन सरकारचे प्रतिनिधी नकोत असे ठरले. गणितज्ञांना मात्र व्यक्ती म्हणून दार उघडे ठेवले. टोरंटोत हे जमले नव्हते.