पनवेलची शांतता नेमकी कुणी दिली?

"शांत परिसर. स्टेशन पाच मिनिटांवर. एक्स्प्रेसवे जवळ. विमानतळ हाकेच्या अंतरावर."

नवीन पनवेल, विचुंबे, देवद, करंजाडे, कुठेही फिरा, नव्या बिल्डिंगच्या बोर्डावर थोड्याफार फरकाने हेच लिहिलेलं असतं. वाचणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. शांतता पण आणि गाडी पण, दोन्ही एकाच पॅकेजमध्ये!

पण मंडळी, आपल्या गावाचा इतिहास बघितला तर या दोघींचं कधी पटलेलं नाही. रहदारी आली की शांतता गेली आणि रहदारी गेली तेव्हा शांतता आली. दोघी एकत्र नांदल्या त्या एकदाच, आणि त्याही आपोआप नाही. हे नीट समजून घ्यायची वेळ आता आली आहे, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

सुरुवात बंदरापासून करू. आज पनवेलची खाडी म्हणजे गाळ आणि खारफुटी, पण रेल्वे यायच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचा नेहमीचा रस्ता इथूनच जायचा. मुंबईत होडीत बसायचं, भरती साधून पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे पालखी, घोडा नाहीतर बैलगाडीने खोपोली गाठून बोरघाट चढायचा. 1830 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटाचा रस्ता चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला आणि पनवेलचं महत्त्व आणखी वाढलं. देशावरचा माल घाट उतरून इथे यायचा आणि इथून गलबतात चढायचा. बैलगाडीची चाकं बनवणं हा इथला नावाजलेला धंदा होता, तो काय उगाच नाही. 1852 साली इथे नगरपालिका झाली, राज्यातल्या अगदी पहिल्यावहिल्यांपैकी एक. ज्या गावात रोज परकी माणसं, जनावरं आणि गाड्या उतरतात, त्यालाच रस्ते, पाणी आणि सफाईची चिंता लवकर लागते. थोडक्यात, तेव्हाचं पनवेल गजबजलेलं होतं. शांत बिलकुल नव्हतं.

मग आगगाडी आली. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे, 1854 ला कल्याण, 1856 ला कल्याणहून खाली खोपोलीच्या बाजूला पळसदरीपर्यंत, आणि 1863 मध्ये बोरघाटातला रूळही तयार झाला. आता नकाशावर बोट फिरवा. मुंबई, ठाणे, कल्याण, कर्जत, लोणावळा, पुणे. पनवेल कुठे आहे? कुठेच नाही. पुण्याला जाणाऱ्या माणसाला भरतीची वाट बघायची गरज उरली नाही आणि आपल्या बंदरावरची ती वर्दळ हळूहळू ओसरली.

गाव काही बसलं नाही. भाताच्या गिरण्या होत्या, मिठागरं होती, घाटाचा रस्ता होता. धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना 1872 चा, म्हणजे रेल्वेने बगल दिल्यानंतरचाच. पण दिवा-पनवेल रेल्वेमार्ग यायला 1964 उजाडलं. बोरघाटातून गाडी धावायला लागल्यावर तब्बल शंभर वर्षांनी आपल्या गावात रूळ आले!

जुनी माणसं ज्या पनवेलबद्दल हळवं होऊन बोलतात, वडाळे तलाव, वाडे, दुपारची सामसूम, ते पनवेल बरंचसं या शंभर वर्षांत घडलेलं आहे. त्या शांततेबद्दल मलाही प्रेम आहे, पण ती कुणी मुद्दाम दिलेली नव्हती. मुख्य मार्गावरून बाजूला पडलेल्या गावाची शांतता होती ती. तिच्यावर पोट भरत नव्हतं, म्हणून पोरं मुंबईला जात होती.

आता तिसरा टप्पा. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात मांडलं की मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडीच्या पलीकडे, पूर्वेला नवं शहर वसवा. 17 मार्च 1970 ला सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं आणि सुमारे 344 चौरस किलोमीटरचा पट्टा नव्या शहरासाठी ठरला. 1973 ला ठाणे खाडीवर वाशीचा पूल झाला.

नवीन पनवेल हे या आखणीचंच अपत्य. स्टेशनच्या एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला सेक्टर. स्टेशनपर्यंत चालत जाता यावं, मोठी रहदारी कडेच्या रस्त्याने जावी, आतल्या गल्लीत फक्त तिथे राहणाऱ्यांच्या गाड्या याव्यात, मध्ये शाळा, बाजार आणि मोकळे भूखंड असावेत, असा तो विचार. मी याच सेक्टरांपैकी एकात राहतो. रात्री दहानंतर गल्लीत कुत्र्यांशिवाय कुणी नसतं आणि स्टेशनची उद्घोषणा वारा असेल तर घरात ऐकू येते. लोकल पनवेलला यायला मात्र 1998 साल लागलं. त्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि 2002 पर्यंत कळंबोलीहून सुटणारा पुण्याचा एक्स्प्रेसवे पूर्ण झाला. एवढं सगळं शेजारी आलं, तरी सेक्टरची गल्ली शांत राहिली. इतिहासात पहिल्यांदाच!

पण याची किंमत कुणी दिली? सेक्टर उभे आहेत ती भातशेती होती. आगरी, कोळी, कराडी माणसांची खाचरं, मिठागरं, खाडीतली मासेमारी, हे सगळं त्यात गेलं. भाव मिळाला तो त्यांना मान्य नव्हता. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई-दास्तानच्या परिसरात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या संघर्षातून आली. नवीन पनवेलमधल्या पोदीसारखं गाव आज चारही बाजूंनी सेक्टरने वेढलेलं आहे. आपली गल्ली सरळ आणि रुंद आहे कारण ती मोकळ्या जमिनीवर आखता आली. आणि ती जमीन मोकळी होती कारण कुणाला तरी तिच्यावरून उठावं लागलं.

विमानतळाच्या वेळी तेच पुन्हा झालं. दहा गावठाणं हलली, उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, नदीचा प्रवाह वळवला. तिथली माणसं आज वडघर, पुष्पकनगरसारख्या वसाहतींत आहेत. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, डिसेंबर 2025 मध्ये इथून विमानं उडू लागली. 1863 ला ज्या गावाला मुख्य मार्गाने बगल दिली, त्याच्या भोवती आज रेल्वे, रस्ता, बंदर आणि विमान असे चारही मार्ग आहेत.

अभिमान वाटायलाच हवा. पण मला भीती अशी वाटते की आपण पुन्हा 1850 च्या पनवेलकडे चाललोय, सगळ्या जगाची उतारपेठ असलेलं गाव, फक्त बैलगाडीच्या जागी ट्रेलर. फरक एवढाच की तेव्हाच्या गजबजाटावर गावच्या सुतार-लोहारांचं पोट तरी चालत होतं.

आखणीतून आलेली शांतता आखणी मोडली की जाते. मोकळा भूखंड पार्किंगला दिला की थोडी गेली. आतल्या रस्त्यावर अवजड गाड्या रात्री उभ्या राहू दिल्या की आणखी थोडी गेली. चाळीस फुटी रस्त्यावर टॉवरला परवानगी दिली की उरलेली गेली. यातली एकही गोष्ट आपोआप होत नाही. प्रत्येकाखाली कुणाची तरी सही असते.

म्हणून नगरसेवक दारात आले की तीन साध्या गोष्टी विचारा. आपल्या प्रभागात आवाजाचं मोजमाप कुठे होतं आणि आकडे कुठे लावले जातात? निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालापासून नियमात आहे. दुसरं, अवजड वाहनांना राहत्या वस्तीबाहेर जागा कुठे ठरवली आहे? तिसरं, मोकळे म्हणून राखलेले किती भूखंड अजून मोकळे आहेत?

आणि यात पोदी, विचुंबे, देवदच्या गावठाणातली माणसं बरोबर घ्या. सेक्टरवाल्यांनी स्वतःपुरती शांतता मागायची आणि गोंगाट गावठाणाकडे ढकलायचा, हे चालणार नाही. या शांततेचा पहिला हप्ता त्यांनी भरलाय, आपल्यातले बरेच जण त्यानंतर राहायला आलो.