दोन इंच फोम

शीळफाट्याहून रात्रीचे दोन प्रकारचे प्रवासी निघतात. एक जण दिवा नाहीतर पनवेल गाठून कोकणची गाडी पकडतो. दुसरा ट्रॅफिकचा हिशेब करून पाच-सहा तास आधीच बॅगा कॅबमध्ये टाकतो आणि विमानतळाकडे निघतो, कारण त्याला अमेरिका गाठायची असते. पहिल्याचं स्लीपरचं तिकीट काही शे रुपयांचं, दुसऱ्याचं लाखाच्या घरात. पहिला रात्री दहा वाजता आडवा होतो. दुसरा पंधरा-सोळा तास बसून राहतो.

म्हणजे जास्त पैसे मोजणारा बसतो आणि कमी पैसे देणारा झोपतो. विमान लहान, वजनाचा प्रश्न, इंधनाचा खर्च, ही कारणं आपल्याला माहीत आहेत आणि ती खरीही आहेत. पण तेवढ्यानं उत्तर पूर्ण होत नाही. स्वस्त तिकिटावर लांब जाणाऱ्या माणसाला किमान किती जागा द्यायची, या प्रश्नाची दोन उलटी उत्तरं जगानं एका वर्षाच्या आत दिली. एक भारतात, डिसेंबर १९७७ मध्ये. दुसरं अमेरिकेत, ऑक्टोबर १९७८ मध्ये. त्यातलं पहिलं देणारा माणूस मराठी होता.

आधी थोडं मागे जाऊ. १२ सप्टेंबर १९१७ रोजी गांधीजींनी मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या मेलचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं. भाडं १३ रुपये ९ आणे. तेव्हाही ही गाडी कल्याणवरून घाटाकडे वळायची. प्रवास दोन रात्रींचा. डब्यावर २२ प्रवाशांची पाटी होती आणि त्या २२ जणांनीही फक्त बसायचं होतं. धड आडवं होता येईल अशी सोय नव्हती. प्रत्यक्षात बराच वेळ डब्यात ३५ हून जास्त माणसं होती. काही खाली घाणीत पडलेली, काही उभी. नंतर वर्तमानपत्रांसाठी लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी सरळ गणित मांडलं: पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे, पण तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक दशांश तरी सोय मिळते का? हेच गणित आज इकॉनॉमी आणि बिझनेस क्लासला लावून बघा.

बसून रात्र काढणं ही फार तर गैरसोय, अशीच समजूत होती. ती जिवावर बेतू शकते हे १९४० मध्ये लंडनमध्ये लक्षात आलं. जर्मन बॉम्बफेकीमुळे हजारो लोक रात्र-रात्र तळघरांत आणि निवाऱ्यांत बसून काढत होते. बरेचसे कापडी डेक-चेअरवर. या खुर्चीची पुढची लाकडी पट्टी गुडघ्यामागच्या शिरा दाबते. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक डॉक्टरला शवविच्छेदनात दिसलं, की फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे मृत्यू आदल्या वर्षीपेक्षा सहापट झाले आहेत. त्यानं हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं आणि सुचवलं, की लोकांना खुर्च्या नकोत, झोपायला फळ्या द्या. पुढच्या महिन्यांत लंडनच्या भुयारी स्टेशनांत एकावर एक अशा फळ्या बसवल्या गेल्या. आपल्या थ्री-टियर डब्यासारख्याच.

आपल्याकडे तिसऱ्या वर्गाला झोपायच्या फळ्या मिळू लागल्या त्या स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. १९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदावरून गेला आणि त्याचं नाव दुसरा वर्ग झालं. फळी मात्र लाकडाचीच राहिली. आपल्या आधीच्या पिढीला हे बाक आठवत असतील: पट्ट्यांच्या मधल्या फटी सकाळी पाठीवर उमटायच्या. ज्याच्याकडे होल्डॉल त्याची झोप बरी, बाकीच्यांनी चादर अंथरायची.

मार्च १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि रेल्वेमंत्री झाले प्रा. मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक, आणि राजापूरचे खासदार, म्हणजे त्या काळी रेल्वेच नसलेल्या कोकणचे. त्यांचं म्हणणं असं होतं, की पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर्ग वर आणायचा. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. सगळे डबे एकाच वर्गाचे. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच जाडीचा फोम. हळूहळू तो देशभरच्या गाड्यांत पसरला. आज स्लीपरमध्ये निळ्या रेक्झिनवर आडवं होताना कुणाला दंडवते आठवत नाहीत, कारण ती आता 'डीफॉल्ट सेटिंग' झाली आहे. पण कुठलंही डीफॉल्ट कुणीतरी, कधीतरी ठरवलेलं असतं.

आता विमानाकडे येऊ. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते. विमान हा श्रीमंतांचा, संस्थानिकांचा प्रकार होता. १९५२ मध्ये अटलांटिकवर 'टुरिस्ट क्लास' आला आणि १९५८ मध्ये 'इकॉनॉमी'. गंमत अशी, की तेव्हा विमान कंपन्यांची आयाटा ही संघटना भाड्याबरोबर सोयींचेही नियम ठरवायची. इकॉनॉमीत थंड, साधं, स्वस्त सँडविचच द्यायचं, हा त्यातलाच एक. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सची सँडविचेस फारच भरगच्च निघाली म्हणून इतर कंपन्यांनी तक्रार केली आणि तिला २०,००० डॉलर दंड झाला. नियम कंपन्यांच्या सोयीचे होते, पण नियम होते.

अमेरिकेत देशांतर्गत भाडी सरकारी मंडळ ठरवायचं. भाडं सारखंच असल्यामुळे कंपन्यांची स्पर्धा जागेवर आणि जेवणावर चालायची. ऑक्टोबर १९७८ मध्ये तिथे विमानसेवा नियंत्रणमुक्त करणारा कायदा झाला आणि स्पर्धा भाड्यावर आली. भाडी उतरली. आपल्यासारख्या घरांतली माणसं विमानात बसू लागली ती याच वाटेनं जगभर स्वस्त झालेल्या तिकिटांमुळे, हे मान्य करायलाच हवं. पण स्वस्ताई कुठून काढायची हे ठरवताना खालची मर्यादा कुणीच आखली नाही.

विमानात जागा 'पिच'मध्ये मोजतात: तुमच्या खुर्चीवरचा एक बिंदू आणि पुढच्या खुर्चीवरचा तोच बिंदू यांतलं अंतर. अमेरिकन विमानांत ते सरासरी ३५ इंच होतं, ते ३१ वर आलं, काही ठिकाणी २८ वर. रुंदीचंही तेच. १९७१ मध्ये 'एम्परर अशोक' हे पहिलं जंबो जेट एअर इंडियाकडे आलं. जंबो पहिल्यांदा उडालं तेव्हा त्याच्या इकॉनॉमीत एका ओळीत नऊ खुर्च्या असत. पुढे दहा झाल्या. बोइंग ७७७ मध्येही तेच झालं. विमानाची रुंदी तीच, माणसं एकानं वाढली, म्हणजे खुर्ची साधारण १७ इंचांची. आणि गुडघ्यांना थोडी जागा परत मिळावी म्हणून कंपन्यांनी पाठ पातळ केली. कशी? फोम कमी करून. दंडवत्यांनी जो घातला, तोच इथे काढला गेला.

योगायोग बघा: लांब प्रवासात बसून होणाऱ्या गुठळ्यांना 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हे नाव एका वैद्यकीय लेखात मिळालं तेही १९७७ मध्ये. नाव पूर्ण बरोबर नाही, कारण बस, कार, ट्रेन कुठेही चार तासांहून जास्त हालचाल न करता बसलं तर धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार तो साधारण दुप्पट होतो. तरी प्रमाण सुमारे ६,००० प्रवाशांत एक. घाबरायचं कारण नाही, दुर्लक्ष करायचंही नाही. पायांतलं रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, आणि ते हलल्याशिवाय होत नाही.

झोपेचंही गणित मांडलेलं आहे. १९८७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या कोनांच्या खुर्च्यांत झोपवलं. पाठ उभ्या रेषेपासून सुमारे ४० अंश मागे गेली तर झोप बऱ्यापैकी पलंगासारखी लागते, असं दिसलं. इकॉनॉमीची खुर्ची तिथवर जात नाही. झोप लागताच मानेचे स्नायू सैल होतात, डोकं पुढे पडतं आणि जाग येते. त्यात केबिनमधल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. हवा कोरडी. 'मला विमानात झोपच येत नाही' ही तुमच्या शरीराची तक्रार नाही, त्या खुर्चीचं मोजमाप आहे.

आपल्या वयाला हे निभतं. ऑनसाइटला जाणारा सव्वीस वर्षांचा पोरगा दोन सिनेमे बघून उतरतो. पण डोंबिवली-कल्याण पट्ट्यातून दरवर्षी जे आई-बाबा मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाला जातात, ते साठी ओलांडलेले असतात. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू असते, आणि शेजाऱ्याला उठवायचा संकोच म्हणून ते सोळा तास बाथरूमलाही टाळतात, पाणी पीत नाहीत. तिकीट आपण काढतो. तेव्हा शंभर-दोनशे डॉलर वाचवताना पिच किती आहे ते बघावं. त्यांच्यासाठी खिडकीपेक्षा कडेची सीट घ्यावी, दर दोन तासांनी उठायला सांगावं, झोपेची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नये. आधी गुठळी झालेली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटच काढू नये.

पण हे झाले आपल्या पातळीवरचे उपाय. रेल्वेत एक वेगळी गोष्ट घडत आली: तिथे इंच मागता आले. लालूप्रसाद यादव यांच्या काळात डब्यात जास्त माणसं बसवण्यासाठी 'साइड मिडल' बर्थ घुसवला गेला. लोकांनी ओरड केली आणि तो काढावा लागला. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच उघडायचा, असा २०१७ चा लेखी नियम आहे. विमानात सीट मागे करण्यावरून भांडणं होतात, पण तिथे असा नियम नाही. त्याच २०१७ मध्ये अमेरिकेतल्या प्रवासी संघटनेच्या खटल्यात न्यायालयानं विमान नियामकाला आकसणाऱ्या खुर्च्यांचा प्रश्न पुन्हा तपासायला सांगितलं. २०१८ च्या कायद्यानं किमान माप ठरवायला एक वर्ष दिलं. ते वर्ष उलटलं, माप ठरलं नाही.

२०२० मध्ये एअर न्यूझीलंडनं इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी झोपायच्या जागांची योजना जाहीर केली. सहा बर्थ, तीन-तीनच्या दोन उतरंडी, काही तासांसाठी वेगळे पैसे देऊन. बातम्यांत त्याला भविष्यातला प्रवास म्हटलं गेलं. आपल्याला ती रचना चांगलीच ओळखीची आहे: लोअर, मिडल, अप्पर. फरक एवढाच, की आपल्याकडे ती तिकिटातच धरलेली आहे.