वाऱ्याच्या तोंडावर पॉलिहाऊस: कागद का फाटतो, खांब का उपटतात आणि त्याचा गोठा करता येतो का?

नाशिकहून त्र्यंबक रोडने निघालं की सातपूर एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेड मागे पडतात आणि पिंपळगाव बहुलाच्या पुढे शेतं लागतात. समोर अंजनेरीचे डोंगर दिसतात, मधे आडोसा फारसा नाही. पावसाळ्यात इथे पश्चिमेचा वारा दिवसदिवस सुटलेला असतो. अशा उघड्या जागी प्लॅस्टिकचा पांढरा बोगदा उभा दिसला, की पहिला प्रश्न हाच पडतो: हे उडून कसं जात नाही?

उत्तर सरळ आहे. कधी कधी जातंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मावळातल्या कितीतरी पॉलिहाऊसचे कागद फाटले आणि सांगाडे वाकले. मावळ किनाऱ्यावर नाही, घाटमाथ्यावर आहे, हे लक्षात घ्या.

‘कागद’ हा शेतकऱ्यांचा शब्द. असतं ते पॉलिथिनच, साधारण २०० मायक्रॉन जाडीचं, उन्हात लवकर कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेलं. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर तो ताणून बसवतात. एकच कमान असलेला बुटका प्रकार म्हणजे पॉलिटनेल, आणि अनेक कमानी शेजारी शेजारी जोडल्या की पॉलिहाऊस. काचेऐवजी प्लॅस्टिक वापरण्याची ही कल्पना अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या एमरी एमर्ट यांनी १९४८ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. काच परवडत नव्हती, एवढं साधं कारण.

वारा ढकलतो कमी, उचलतो जास्त

बहुतेकांना वाटतं की वारा पॉलिहाऊसला आडवा ढकलून पाडतो. तसंही होतं, पण मोठा धोका वेगळा आहे. गोल छतावरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. आतला दाब मात्र तसाच राहतो. परिणामी अख्खं छत वर ओढलं जातं. विमानाच्या पंखाचंही असंच असतं. ओझरला विमानं बनवणाऱ्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको!

आता थोडं गणित करूया. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतो, ताशी १०० च्या वाऱ्याचा ४७ किलो. त्यातला निम्माच वर ओढणारा धरू, म्हणजे सुमारे २३ किलो. आणि तेवढ्या कागदाचं वजन किती? पावणेदोनशे-एकशे ऐंशी ग्रॅम. पाइप मोजले तरी सगळं बांधकाम चौरस मीटरला काही किलोंच्या पुढे जात नाही.

नेहमीच्या पॉलिहाऊसमध्ये ८ बाय ४ मीटरवर एक खांब असतो. म्हणजे एका खांबाच्या वाट्याला ३२ चौरस मीटर छत येतं आणि त्या वाऱ्यात त्याला सुमारे साडेसातशे किलोंचा वरचा ओढा बसतो. खांबाखालचा खड्डा १ फूट लांब, १ फूट रुंद आणि ३ फूट खोल असेल, तर त्यातल्या काँक्रीटचं वजन भरतं जेमतेम २०० किलो. उरलेलं कोण धरतं? आजूबाजूची माती. म्हणून मुरुमाच्या जमिनीत उभं राहिलेलं तेच पॉलिहाऊस काळ्या जमिनीत दगा देऊ शकतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांबाभोवतीची पकड सैल होते. नेमक्या त्याच वेळी, एप्रिल-मे मध्ये, वळवाची वादळं येतात.

पावसाळी वारा निदान पश्चिमेकडून येतो, हे माहीत तरी असतं. वळवाच्या ढगातून कोसळलेला वारा जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरतो आणि दहा मिनिटांत काम उरकून जातो. माझ्या मते नाशिक भागात खरी भीती याचीच धरावी.

किती वाऱ्यासाठी बांधायचं?

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात शहरांनुसार वाऱ्याचा मूळ वेग दिलाय. नाशिकसाठी तो सेकंदाला ३९ मीटर आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईसाठी ४४ मीटर. हा रोजचा वारा नाही. मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, सरासरी ५० वर्षांतून एकदा येऊ शकणारा हा झोत आहे. शेतीच्या कमी जोखमीच्या बांधकामाला त्यात थोडी सूट मिळते. उलट जागा टेकडीच्या माथ्यावर असेल, तर आकडा वाढवावा लागतो. कोटेशन घेताना म्हणूनच पाइपच्या जाडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा: हे किती वेगाच्या वाऱ्यासाठी डिझाइन केलंय? उत्तर लेखी घ्या. ‘काही होत नाही हो’ हे उत्तर नव्हे.

दिशेचा पेच

उजेड सगळीकडे सारखा पडावा म्हणून कमानींमधली गटरं उत्तर-दक्षिण ठेवतात. पण मग पश्चिमेचा वारा लांब बाजूवर आदळतो. वाऱ्याचा विचार केला तर अरुंद बाजू त्याच्याकडे असलेली बरी. दोन्ही एकदम साधत नाही. व्यवहारात उजेडाला मान देतात आणि वाऱ्याचा बंदोबस्त दोन गोष्टींनी करतात. पहिली, छतावरची कायमची उघडी फट पूर्वेकडे, म्हणजे वाऱ्याच्या पाठीला ठेवायची. ही फट एकदा बांधली की बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट आडोसा. इथे एक गंमत आहे. भक्कम भिंत हा चांगला आडोसा नाही. वारा भिंतीवरून उडी मारून पलीकडे भोवरे करत कोसळतो. निम्मा वारा आरपार जाऊ देणारा, मंद करणारा आडोसा जास्त कामाचा. सुरू, बांबू किंवा शेवरीची दाट रांग आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा कमी करते. झाडं वाढेपर्यंत मजबूत खांबांवर ५० टक्क्यांची शेडनेट ताणली तरी चालते. फक्त झाडं इतकी जवळ नकोत की फांद्या कागदावर घासतील.

गोठा, गोदाम चालेल का?

ब्रिटनमध्ये मेंढ्या आणि चारा ठेवायला असे बोगदे सर्रास वापरतात. स्वस्त, हलके, लवकर उभे राहणारे. इथेही फुलशेती परवडेनाशी झाली की रिकाम्या सांगाड्यात शेळ्या बांधाव्यात असा विचार येतो. पण तिकडे प्रश्न थंडीचा आहे, आपल्याकडे उन्हाचा. बंद कागदाखाली मे महिन्यात जनावर भाजून निघेल. वर शेडनेट टाकून चारी बाजू मोकळ्या कराव्याच लागतात. आणि बाजू मोकळ्या केल्या की बांधकाम छत्रीसारखं होतं. वारा आत शिरतो, खालून ढकलतो, वरून ओढतो. उलटलेली छत्री आठवा. म्हणजे गोठा करायचा तर खांबांचा पाया आणि तिरके आधार पॉलिहाऊसपेक्षा मजबूत हवेत. शिवाय मूत्राच्या अमोनियाने पाइप खालून गंजतात, त्यामुळे खांबांचे बुंधे काँक्रीटमध्ये जमिनीच्या वर थोडे उचलून घ्यावेत.

अवजारं, ठिबकच्या नळ्या, रिकामे क्रेट यांना हरकत नाही. गंधकाच्या पिशव्या मात्र नकोत, गंधकाने कागदाचं आयुष्य घटतं. आणि कांदा तर अजिबात नको. त्याला खालून वारा लागतो, चाळीची रचना उगाच तशी नाही.

वादळाचा इशारा आला तर

सगळे पडदे आणि दारं आधी वाऱ्याच्या बाजूची बंद करा. प्रोफाइलमधल्या झिगझॅग स्प्रिंगा तपासा. कागद साधारणपणे मधे फाटत नाही, तिथूनच सुटायला लागतो. सैल कागद फडफडतो आणि तासाभरात चिंध्या होतो. दार तुटलं आणि वारा आत भरायला लागला, तर आत थांबू नका. बाहेरून सुरक्षितपणे पोचता येत असेल तर अनुभवी उत्पादक कागद स्वतःच कापून मोकळा करतात. मन होत नाही, पण कागद पुन्हा घालता येतो. वाकलेला सांगाडा मात्र भंगारातच जातो, आणि त्याचं कर्ज तसंच चालू राहतं.

विम्याचंही पाहून ठेवा. पीक विमा पिकाचा असतो. सांगाडा आणि कागद यांचा विमा वेगळा काढावा लागतो, आणि त्यात ‘वादळ’ हा शब्द लिहिलेला आहे का, हे सही करण्याआधी वाचा.