राहता गड

कोल्हापूरच्या माणसाला थंड हवेसाठी महाबळेश्वर गाठावे लागत नाही. वीस किलोमीटरवर पन्हाळा आहे, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच. रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन निघावे आणि तासाभरात धुक्यात शिरावे. आमच्या लहानपणी एस.टी. होती, आता मोटारी आल्या. झुणका-भाकर मात्र तीच.

एका पावसाळ्यात पुण्याहून लेक आणि नातू आले होते, म्हणून गडावर गेलो. एका घराच्या पडवीत शाळेचे गणवेश वाळत घातले होते. नातू थबकला. म्हणाला, "नाना, किल्ल्यात लोक राहतात?"

त्याने सगळे गड ओसाडच पाहिलेले. मी म्हटले, "राहतात. आणि आजचे नाही राहत, आठशे वर्षांपासून राहतात."

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज इथे राहत होता. मग यादव आले, बहामनी आले. आदिलशाहीत भक्कम तट आणि तीन दरवाजासारखे देखणे बांधकाम उभे राहिले. नोव्हेंबर १६५९ मध्ये शिवरायांनी गड घेतला आणि पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरचा वेढा पडला. जुलै १६६० मधली ती पावसाळी रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू हे आपल्याला पाठ आहे. पण महाराज निसटले तेव्हा सगळा गड काही त्यांच्याबरोबर निघाला नाही. मागे राहिलेल्यांनी तो पुढेही काही काळ लढवला. त्यांची नावे आपण विचारत नाही.

गड नुसत्या तटावर जगत नाही. त्याला धान्य लागते, पाणी लागते. गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्याची तीन कोठारे पाहावीत, अंधारबावीत उतरून पाहावे. 'आज्ञापत्र' लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांची समाधी याच गडावर आहे. आधी पाणी पाहावे, मग गड बांधावा, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. पाणी होते म्हणून संसार होते. 'केकावली' लिहिणारे मोरोपंत १७२९ साली याच गडावर जन्मले. मराठीत चार ओळी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे विसरून कसे चालेल? आणि साधोबांच्या दर्ग्यावर अब्बांचे बोट धरून मी आलो, तेव्हाही तिथे उदबत्ती लावणाऱ्यांची जात कुणी विचारत नव्हते.

१७८२ मध्ये करवीर राज्याची राजधानी खाली कोल्हापूरला गेली. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी बंड केले. इंग्रजांनी ते मोडले आणि चार दरवाजाही पाडला. राजधानी गेली, दरवाजा गेला, पण वस्ती उठली नाही. आज गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, तीनेक हजार माणसे आहेत.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चार दरवाजाजवळचाच रस्ता खचला आणि गाड्या बंद झाल्या. आपली रविवारची सहल चुकली, एवढेच. गडावरच्या माणसाला मात्र दवाखाना, बाजार, नोकरी सगळ्यासाठी चढ-उतार पायी करावी लागली.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात पन्हाळा आहे. आपली छाती अभिमानाने भरून आली. गडावरच्या घरांत मात्र धास्तीही होती. उद्या घराचे छप्पर दुरुस्त करता येईल का? आपल्याला इथून उठवतील का? प्रशासनाने दिलासा दिला, पण धास्ती अशी एका दिवसात जात नाही.

तट सांभाळायलाच हवा. वेडीवाकडी बांधकामेही नकोत. पण राखायचे काय, हे ठरवताना माणूस त्यात धरायचा की नाही? ज्या गडावरून माणसे गेली त्यांच्या वाड्यांचे चौथरेच उरले. पन्हाळ्यावर अजून संध्याकाळी चुली पेटतात.

निघताना नातवाने कणीस घेतले. विकणारा मुलगा त्याच्याच वयाचा. नातवाने विचारले, "तुझं घर कुठं आहे?" त्याने कणसावर तिखट-मीठ चोळता चोळता मागे मान केली, "हे काय, इथंच."

पुढच्या रविवारी पन्हाळ्याला गेलात, तर तीन दरवाजा जरूर पाहा. आणि परतण्याआधी गडावरच्या एखाद्या माणसाशी दोन शब्द बोला.